नावं पुसलेला तक्ता

चोपड्याच्या कॉलेजात, एप्रिलमधल्या जादा तासाला
मी फळ्यावर सहा ओळी लिहिल्या.
नावं नाहीत, नुसते आकडे :
पहिला इलेक्ट्रॉन काढायला किती, दुसरा काढायला किती,
आणि एक उपरा घरात घेताना काय सुटतं, काय लागतं.
ओळखा म्हटलं, कोण कसा वागेल.

पंखा फिरत होता, हवा होती तिथंच होती.
भाईदास पहिल्या बाकावरून : दुसरा, सर. चारशे एकोणीस.
हात लावायचा अवकाश, देऊन मोकळा.
आणि त्याच्याकडे दुसरा मागितला तर?
तीन हजार एक्कावन्न.
म्हणजे एकदाच उदार, सर.
हे पाठ्यपुस्तकात नाही, पण मी खोडलं नाही.

तिसरा : सोळाशे एक्याऐंशी, उणे तीनशे अठ्ठावीस.
द्यायचं नाव नाही, घ्यायला टपलेला.
पाचवा : दोन हजार तीनशे बहात्तर, अधिक अठ्ठेचाळीस.
हा देत नाहीच, आणि याच्या हातावर काही ठेवायचं
तर वर आपल्याच पदरचं घालावं लागतं.
हेलियम! गॅदरिंगच्या फुग्यातला!
मागून कुणीतरी रंजिला पावराकडे बघून हसलं.
दोन वर्षांत ती वर्गात हजेरीपुरतीच बोललेली.
खोटं कशाला सांगू,
मीही तिला त्याच ओळीत बसवून ठेवलं होतं.

सुकलालने परात आणली, पाणी ओतलं.
पोटॅशियमचा हरभऱ्याएवढा कण
पाण्याला टेकतो न टेकतो तोच वितळून गोळी झाला,
जांभळट जाळ घेऊन सैरावैरा धावला, संपला.
लिथियम फुसफुसत राहिलं, सावकाश,
चुलीवरून उतरवलेल्या दुधासारखं.
तक्ता खरा ठरला. मी खडू खाली ठेवला.

सर, हे आकडे एकट्या अणूचे ना? वायूतल्या?
रंजिला. उभी राहून.
हो.
पण मागच्या धड्यात, पाण्यातल्या तक्त्यात,
लिथियम पोटॅशियमच्याही पुढे आहे.
तिथे सगळ्यात जास्त देणारं तेच.

मी सांगितलं : त्याचा आयन लहान,
पाण्याचे रेणू त्याला चहूबाजूंनी बिलगतात,
त्यातून जी ऊर्जा सुटते ती देण्याचा खर्च भरून काढते.
बाकी किती देईल आणि किती घाईने देईल
हे हिशेब निरनिराळे;
पोटॅशियम लगेच वितळतं म्हणून त्याचा गाजावाजा.

म्हणजे पाणी मिळालं की आकडा बदलतो.
आकडा नाही बदलत, मी म्हणालो,
आणि पुढचं वाक्य मला सुचेना.
फळ्यावर पाचशे वीस होते, पाचशे वीसच राहिले.

घंटा झाली. वैजापूरची बस चुकेल म्हणून ती पळाली,
वही बाकावरच विसरून.
वहीत सहा ओळी उतरवलेल्या,
शेजारी एक सातवा रकाना आखलेला, मथळा : 'सोबत?'
खाली सगळं कोरं.

सुकलाल बाटल्या आवरत होता.
पोटॅशियमवर रॉकेल ओतून बूच घट्ट केलं,
लिथियमला मात्र बोटाने व्हॅसलीन चोपडत बसला.
याला का वेगळं, मी विचारलं. मला ठाऊक होतं, तरी.
सर, हाई रॉकेलमा बी बुडत नही.