दहा मिनिटं, स्पीकरवर

गुरुवारी तीनपासूनच जेन्सन बूट घालून बसतो.
फोनला बूट कशाला, असं आता कोणी विचारत नाही.

सिलथच्या या घरात फोन जेवणाच्या टेबलावर असतो,
सॉसच्या बाटलीला टेकवलेला,
स्पीकरवर, म्हणजे मलाही ऐकू यावं.
ऐकणं हेच माझं काम.
आणि नको तो विषय निघाला तर फोन तोडणं.
आजवर दोनदा तोडलाय.
दुसऱ्या वेळी त्याने माझ्या हाताकडे पाहिलं,
तोंडाकडे नाही.

आज लीॲन वेळेवर आहे.
घरीच आहे म्हणते, टीव्ही लावलाय.
पण मागे कार्लाइलचा बसस्टँड वाजतोय,
कुठल्याशा गाडीची घोषणा
तिच्या दोन वाक्यांमधून वाट काढते.
मी आधी तिची जीभ ऐकते, शब्द मागाहून:
जड आहे का, सांधे निखळलेत का.
आज सांधे धड आहेत.

"बिस्टो काय करतोय?"

माझ्यापुढच्या कागदावर मार्गोचं गोल अक्षर:
कुत्रा ऑगस्टमध्ये देऊन टाकला.
आई स्वतः सांगेल, नाताळच्या भेटीत,
समोर बसून. फोनवर नको.

एक इंजिन घुरघुरतं, लांब जातं.
"झोपलाय रे," लीॲन म्हणते, "सोफ्याखाली.
घोरतोय बघ."
"घोरू दे. उठवू नकोस."

आणि मग तो बोलत सुटतो,
दात पडल्याचं, पिठाच्या गिरणीमागे
ओहोटीत सापडलेल्या मेलेल्या सीलचं,
सातच्या पाढ्याचं,
मध्ये बोट शिरेल एवढीही फट न ठेवता,
जशी घाईघाईत भिंत लिंपावी.

नवव्या मिनिटाला तोच म्हणतो,
"ठेवतो आता. तुझी बस चुकेल."

पलीकडे काही नाही.
मग तिचा श्वास. मग तेही नाही.
माझं बोट बटणावर होतं,
तसंच राहिलं.

एक बूट जिन्यात गेला, दुसरा खिडकीवर.
काच तडकली, पडली नाही.
मी टोस्ट भाजले. सहा.
लोणी कडेपर्यंत, कारण तो कडा तपासतो.
चौथ्या टोस्टला म्हणाला,
"बिस्टो मावतच नाही सोफ्याखाली.
लठ्ठ आहे तो."
मी म्हणाले, "हो?"
याहून जास्त काय म्हणायचं
ते प्रशिक्षणात सांगितलं असेल,
मला आठवलं नाही.

रात्री नोंदवही.
संपर्काचा कालावधी: नऊ मिनिटं.
आईची मनःस्थिती: स्थिर.
संपर्क कोणी संपवला: मुलाने.
कारण.
या रकान्यावर पेन बराच वेळ टेकून राहिलं,
शाईचा एक ठिपका झाला,
तो तसाच ठेवला.

काचेला टेप लावली.
जिन्यातला बूट उचलला,
लेस अजून दुहेरी गाठीत.
पुढच्या गुरुवारी मी नाही, डेन्झिल आहे.
त्याच्यासाठी फ्रिजवर चिठ्ठी डकवली:
बूट घालू दे.
लोणी कडेपर्यंत.