तिसरीचं माप

रोलाच्या मागच्या गल्लीत, शवर्माच्या गाळ्याला लागून माझी पाटी:
लेडीज टेलर, अल्टरेशन अर्जंट.
'अर्जंट' मी नंतर वाढवून घेतला, वीस दिरहम देऊन.

गेल्या थंडीत तीन पोरी आल्या,
मोबाइलवरचं चित्र पुढे केलं.
कुठल्याशा गेममधल्या बायका. करड्या शाली,
हातात दोरा, डोळ्यांत निळा उजेड.
"अंकल, या नॉर्न. बर्फाच्या देशातल्या.
सगळ्यांचं नशीब ठरवतात, देवांचंसुद्धा."
मी विचारलं, कापड किती मीटर?

उर्द, म्हणजे घडून गेलेलं: दमास्कसची रघद.
हसत माप दिलं तिनं,
घडून गेलेल्याचा चकार शब्द न काढता.
वेरदांदी, घडतंय ते: जोविता.
हात वर कर म्हटलं तरी फोनवर बोटं चालूच.
आणि स्कुल्ड, जे देणं अजून फिटायचंय:
शाल्मली. चिपळूणकडची, आमच्यातली.
"काका, घेर मोठा ठेवा,
पुढच्या वर्षीही घालायचाय."

मी गुडघ्यांवर बसून टाचण्या लावत होतो.
ती वरून सांगत होती:
मूळ गोष्टीत त्या लाकडावर कोरतात.
रोज विहिरीचं पाणी आणि पांढरा चिखल
एका अवाढव्य झाडाला घालतात, ते सडू नये म्हणून.
दोरा गेमवाल्यांनी
दुसऱ्याच कुठल्या देशातल्या बायकांचा उचलला.
चालायचंच, म्हटलं.
आपली सटवाई बघ, सहाव्या रात्री एकटी येते,
बाळाच्या कपाळावर लिहून जाते,
आणि अक्षर असं की कुणाला लागत नाही.
"मग तिचा गेम का नाही?
तिचा ड्रेस कसा असेल, काका?"
मला सांगता येईना. तीस वर्षं कात्री धरून.

इथल्या चौकातही वड होता म्हणे.
त्याच्यावरूनच रोला हे नाव. मी यायच्या आधीच पडला.
आता काळ्या नळ्या खजुरांना थेंब थेंब पाजतात
समुद्रातून काढलेलं गोडं पाणी,
आणि नळी फुटली की सिल्हेटचा मिस्बाह येतो,
मुळाशी चिखल थापतो, विडी शोधतो.

कार्यक्रमाच्या आदल्या गुरुवारी दोघीच आल्या.
शाल्मलीच्या बाबांची कंपनी बंद. व्हिसा रद्द, मुदत तीस दिवस.
त्यातले एकवीस त्यांनी
घरात कळूच दिलं नव्हतं,
रोज डबा घेऊन निघायचे.

दोघी जाऊन आल्या. मला फोटो दाखवले.
प्रत्येक फोटोत उजवीकडे
एका माणसाची जागा सोडलेली.
लोक विचारायचे, तिसरी कुठाय?
जोविता सांगायची, ती यायचीय अजून.

झगा इस्त्रीच्या टेबलामागे टांगलाय.
जमा पन्नास, बाकी सत्तर.
वहीतली बाकी मी खोडलेली नाही.
माझाही व्हिसा मार्चपर्यंतच आहे,
पुढचं मालक बघेल.

खालच्या दुमडीत दोन बोटं कापड जास्तीचं आहे.
कच्ची टीप घातलीय,
पोर उंच झालीच तर उसवायला सोपी.