तर्कू

पेशी मोजताना पट्टीवरचं नाव वाचायचं नाही,
ही माझी अकरा वर्षांची सवय.
मोहाडीच्या सरकारी दवाखान्यात, खिडकीखालच्या टेबलावर,
शंभर मोजायच्या आणि मग वाचायचं.
वाचलं : हेडाऊ, श्रीपत लहानू, वय एकसष्ट.
पुन्हा मोजलं.
शंभरात बासष्ट कोवळ्या, बिनकामाच्या,
मोठं व्हायचं विसरून नुसत्या दुप्पट होत गेलेल्या.

नागपूरला जाताना बाबाने एसटीत खिडकी मागितली.
मांडीवर डबा, डब्यात पेज.
भंडारा येईस्तोवर एकच वाक्य बोलला :
"थे साडीचं पदर राह्यलं."

डॉक्टरीणबाईंनी जुन्या बिलाच्या पाठीवर
एक गोल काढला, गोलात रेघा.
म्हणाल्या, पेशी दुभंगायच्या आधी
आत असे धागे ताणले जातात. त्याला तर्कू म्हणतात.
बाबा इतका वेळ पंख्याकडे बघत होता.
खाली वाकला.
"तर्कू म्हंजे चातीच ना?"
हो.
"मंग थे फिरवते कोन?"

दोन वर्षांच्या डिप्लोमात
मी हे एकदाही विचारलं नव्हतं.

विकरं, बाई म्हणाल्या. एन्झाइम.
फॉस्फेटची बारीकशी गाठ मारतात,
गाठ पडली की पुढचं काम सुरू होतं.
तुमच्या रक्तात ती रात्रपाळीतही थांबत नाहीत.
हे नवं औषध त्यांच्या मुठीत जाऊन बसतं,
जिथे इंधन बसायचं नेमक्या तिथे.
मग पेशी अर्धा ताणा ताणून उभी राहते,
ना एक, ना दोन,
आणि उभी राहून राहून मरते.
सगळ्या मरतात असं नाही. काही निसटतात.
हे औषध अजून चाचणीत आहे, काका.

"आन् चांगल्या पेशी?"
त्यांचीही चाती अडकेल. केस जातील, तोंड येईल,
ताप आला तर रात्र बघायची नाही, निघायचं.

संमतीपत्र चौदा पानांचं.
बाबाने पान उलटताना दर वेळी
कागद दोन बोटांत चोळून पाहिला,
व्यापारी आमचा कोसा चोळून पाहतो तसा.
सही चौथीच्या अक्षरात, ऱ्हस्व-दीर्घासह बरोबर.

घरी आई राखेच्या पाण्यात कोष शिजवत होती.
आत किडा असतो, झोपलेला.
पंख फुटून तो बाहेर पडला तर धागा तुटतो,
म्हणून त्याआधीच.
या वासात मी लहानाची मोठी झाले, आणि भात जेवले.
बाबा ओट्यावर बसून भगोन्याकडे बघत राहिला,
डोक्याला टॉवेल, टॉवेलखाली केस नाहीत.
"आपून किती मारले असतीन," तो म्हणाला.
आईने जाळ कमी केला.
तिला वाटलं, तो वासाबद्दल बोलतोय.

एकेचाळीस.
सत्तावीस.
मग तेहेतीस, आणि सहा दिवस नागपूरचा वॉर्ड,
तोंडात फोड, पेजसुद्धा नको.
मग एकोणीस.

आज मंगळवार. रक्ताची नळी त्याने स्वतः आणली,
मुठीत उभी, धोट्यातली कांडी धरावी तशी,
हिसका बसू नये म्हणून रिक्षा सोडून चालत.
मी थेंब पसरला, रंग दिला, तेल सोडलं.
नाव वाचायचं नाही, असं स्वतःला सांगितलं,
आणि नाव समोरच्या बाकावर बसून खोकत होतं.

नऊ मोजल्या.
पुढची सापडली ती अडकलेली होती,
जांभळे तुकडे मधोमध गोळा,
कुठेच न गेलेले.
ही कुठल्या रकान्यात धरायची याचा नियम आहे,
मला पाठ आहे.
मी उठले. म्हटलं, बाबा, इकडे ये.

त्याने एक डोळा मिटला, सवयीने,
जसा तो फणीतून तुटलेलं सूत शोधतो.
खूप वेळ काही बोलला नाही.
मग, नळीवरून डोळा न काढता :
"थांबलं आहे. तुटलं नाई अजून."
आणि थोड्या वेळाने,
"बाजूचं दाखव."