स्टिकरखालचं स्टिकर

जूनचा पहिला रविवार. नव्या पेठेत
दुकानावर पिवळा कापडी फलक:
‘फक्त आज! शालेय खरेदीवर कर नाही. कर आम्ही भरतो.’
खाली मुंगीएवढ्या अक्षरांत, ‘अटी लागू.’

शनिवारी हप्ता हातात आला तसा
अम्मानं तो तीन ठिकाणी ठेवला होता:
थोडा ब्लाउजमध्ये, थोडा तांदळाच्या डब्यात,
एक पन्नासची नोट माझ्या कंपासपेटीत.
पैसा एका जागी बसला
की त्याला पाय फुटतात, म्हणायची.

साखर पेठेतून आम्ही चालत आलो.
रिक्षाचे वीस वाचले.
डांबर चपलेला धरून ठेवत होतं,
अम्मा मात्र फलकावरचं एकेक अक्षर
सुईत दोरा ओवावा तसं वाचत उभी.

गल्ल्यावर मडिवाळप्पा. ‘बघालाव काय मावशी, आत या की,
उद्या हा भाव नाही.’

निळ्या स्कर्टांचा ढीग कमरेइतका.
अम्मानं किंमत नाही पाहिली.
स्कर्ट उलटा केला.
चुण्या सोळा. पट्टीला दुहेरी शिवण.
हुकापाशी मशीन तीनदा मागे-पुढे.
‘हा माझा हात,’ ती म्हणाली,
दुकानदाराला नव्हे, स्कर्टलाच.

अक्कलकोट रोडच्या कारखान्यात
एका नगामागे तिला अकरा रुपये.
इथे सहाशे चाळीस.

शेकडेवारीचा धडा मी नुकताच संपवला होता
आणि माझी नखं वाढलेली होती.
किमतीच्या कोपऱ्याला नख लावलं,
स्टिकर सोललं गेलं, खाली दुसरं:
पाचशे सत्तर.
म्हणजे कर उतरला बत्तीस, भाव चढला सत्तर.
अडतीस रुपये जास्त देऊन
आम्ही बत्तीस वाचवणार होतो.

हे मी मोठ्यानं म्हणाले.
शेजारची बाई हातातली पिशवी
हळूच खाली ठेवू लागली.
मडिवाळप्पांनी पंख्याकडे पाहिलं,
‘पोरानं लावलंय ते, मी गावाला होतो.’
मग थोड्या वेळानं, कुणी विचारलं नसताना,
‘भाडंबी वाढलंय की हो.’

अम्मा भांडली नाही.
खाली बसली, ढिगाच्या तळाशी
खांद्यापर्यंत हात घातला
आणि एक स्कर्ट ओढून काढला,
नवव्या चुणीचं तोंड उलट्या दिशेला.
‘हा कसा देता?’
‘तो? तो बाद माल आहे, मावशी.’
‘माहीत आहे. मीच बाद केलाय.’

दोनशे ऐंशीला दिला.
कर धरून की सोडून, कुणीच काढलं नाही.

घरी दिव्याखाली चुणी उसवताना
तिनं सांगितलं, हा मार्चमधला.
‘तुला ताप होता त्या दिवशीचा.
सुट्टी मागितली तर म्हणाले, ऑर्डर मोठी आहे.’
दोरा तोंडात होता, म्हणून बाकीचं
तिनं तेलुगूत सांगितलं, अर्धंच.

मग गेल्या वर्षीच्या वह्या.
मागची कोरी पानं फाडली,
भूगोलाची अकरा, चित्रकलेची चार,
हिंदीची पुष्कळ (हिंदीच्या बाई रजेवर होत्या).
सगळी एकत्र ठोकून
मशीनवर जाड दोऱ्यानं शिवली.
सुई मोडली एक. सुईचे पाच रुपये
तिनं हिशोबात धरले नाहीत,
मी धरले.

सोमवारी प्रार्थनेच्या रांगेत
पुढे पंधरा मुली.
मी हुकांपाशी बघत गेले,
तीन टाके, तीन टाके, नाही, तीन टाके,
नऊपर्यंत मोजलं
आणि ‘सावधान’च्या ऐन मध्ये हसू फुटलं.
बाईंनी पट्टी मारली.

पन्नासची नोट मात्र कंपासपेटीतच राहिली.
अम्मानं ती मागितली नाही,
मी आठवण केली नाही.
अजून कधी कधी वाटतं
तिला ती आठवत होती.