हिलारिया तार्कीच्या बरण्या

एल आल्तोत, चार हजार मीटर उंचावर,
जिथं पाणी लवकर उकळतं आणि बटाटे उशिरा शिजतात,
तिथं मी तीन पानांची प्रश्नावली घेऊन गेलो.
पहिला प्रश्न : आपल्या यशाचं रहस्य काय?

तिनं कागद उलटा धरला,
पाठीमागची कोरी बाजू अंगठ्यानं चाचपली.
"जाड आहे. पुड्यांना होईल."
आणि माझ्यासमोर एक पोतं रिकामं केलं.
"चार भोकांची इकडं, दोन भोकांची तिकडं.
फुटकी तुझ्या खिशात."

ही बाई.
तपकिरी बोलर टोपी, एकावर एक पाच घेरदार परकर,
पुढचा एक दात सोन्याचा.
या अख्ख्या पठारावर जेवढे सदरे वाळत असतील
त्यातल्या निम्म्यांच्या गळ्याशी हिचं बटण.
खाली ला पाझमधल्या त्या बँकवाल्याच्याही गळ्याशी,
ज्यानं हिला एकदा दारातूनच वाटेला लावलं होतं.
हे ती सांगत नाही.
भाची सांगते, चहा देताना, आवाज बारीक करून.

तीन गुरुवार मी नुसती बटणं निवडली.
वारा ताडपत्रीला झोंबत होता, बोटं बधिर,
इल्लिमानी पर्वत कधी दिसे, कधी ढगात जाई.
प्रत्येक गिऱ्हाइकाला मापाच्या वर यापा मिळायचा,
आपण वर घालतो तसा, मूठभर.
तो द्यायला तिनं पाच वर्षांची नात बसवली होती.
मी म्हटलं, मुलांच्या मुठीला हिशेब नसतो म्हणून?
"हो," ती म्हणाली.
मग जरा थांबून, "आणि मूठ लहान असते."

चौथ्या गुरुवारी तिनं मागच्या खोलीचं दार उघडलं.
फळ्यांवर दोनशे तरी बरण्या. एकीवरही नाव नाही.
"निळी बटणं, आचाकाचीचा शिंपी. शिंपल्याची, शाळेच्या गणवेशवाल्या बहिणी.
उधारीच्या दर शंभर बोलिव्हियानोला एक बटण आत.
पैसे आले की त्याच्यासमोर बाहेर, पत्र्याच्या ताटलीत.
टण्ण झालेलं त्याला ऐकू आलं पाहिजे.
कागदावर फिटलेलं कुणाला ऐकू येतं?"

मी वहीत लिहिलं : पतव्यवस्थापन, पारदर्शकता.
काय लिहिलंस, तिनं विचारलं. वाचून दाखवलं.
ती इतकी हसली की टोपी कानावर आली.

कोपऱ्यात एक बरणी, झाकण गंजलेलं,
तळाशी एकच लाकडी बटण.
हे कोण बुडवून गेलं?
ती कोकाची पानं चघळत राहिली.
मग म्हणाली, "ती माझी."

पहिलं पोतं तिला बासिलियानं उधार दिलं होतं,
अठ्ठावीस वर्षांपूर्वी, नुसत्या शब्दावर.
शेवटचे शंभर उरले आणि बासिलियाची बस
युंगासच्या दरीत गेली.
मुलगा ब्वेनोस आइरेसला शिवणयंत्रावर बसतो,
पैसे पाठवले तर परत पाठवतो. म्हणतो, राहू दे, मावशी.

"मग अजून का ठेवलंय?"
"देणं संपलं की माणूस दुकान उशिरा उघडतो,"
एवढं बोलून ती गिऱ्हाइकाकडं वळली.

प्राध्यापकांनी विचारलं, नमुना किती जणांचा?
मी म्हटलं, एक.
त्यांनी चष्मा काढला, मला काठावर पास केलं.
प्रश्नावलीच्या शंभर प्रती तिच्याकडं राहिल्या.
कुठल्यातरी खेड्यात, जिपरांच्या पुडीवर,
माझा पहिला प्रश्न
अजून कुणीतरी सोडवत असेल, दोरा आधी.

शेवटच्या दिवशी मी निरोप घ्यायला गेलो,
धंदा करायचाय म्हणालो, चार शब्द सांगा.
तिनं हात पुढं केला. "फुटकी."
मी खिसा उलटा केला. तिनं नजरेनंच मोजली.
"सत्तेचाळीस. दोन कमी."
मी खिशात बोट घातलं,
ते सरळ अस्तरात गेलं.

तिनं टोपीतून सुई काढून माझ्या हातात दिली.
"आधी हे."