तीनचा

ओझुर्गेतीच्या बाजारात मासळीवालीच्या शेजारी
माझं दुकान होतं.
दुकान म्हणजे एक शटर, एक काउंटर,
आणि खिळ्यांना टांगलेले, कुणीच न नेणारे माऊस.

त्या शरदात बोंडो आला,
हेझलनटची पोती विकून,
पैसे अजून पोत्याच्याच सुतळीनं बांधलेले.
मागं अनझोर. भर उन्हात गळ्याला लोकरी मफलर.

“गाणी साठवायचीत,” बोंडो म्हणाला,
“मका खुरपतानाची. चार आवाजांची.
माणसं चाललीत रे एकेक.
दोन कोरचा घेऊ की चारचा?”

मी रोजचं पाठ केलेलं सांगितलं:
दोन कोर म्हणजे दोन तगडे गडी,
चार म्हणजे चार, पण जरा सावकाश हाताचे.
कामाची वाटणी झाली तर चौघं शेत उरकतील,
नाही झाली तर दोघं राबतात
आणि दोघं फावड्याला टेकून बघत बसतात.

“हे तू मला सांगतोस?” बोंडो हसला.
“आमच्या शेतावर दुसरं काय चालायचं?”

मग बोटं मोजत बसला.
दोन आणि चारमध्ये फरक दोन पोत्यांचा.
दोन पोती म्हणजे छताचे पत्रे,
किंवा सालोनिकीला मुलीकडं जायचं अर्धं तिकीट,
परत यायचं सोडून.
“चार आवाज दोघांत मावतील का पण?”
मावतील, मी म्हटलं, थोडी रेटारेटी होईल.

त्यानं अनझोरकडं पाहिलं. मीही पाहिलं.
अख्ख्या गुरियाला ठाऊक होतं.
चाळीस वर्षं खालचा सूर अनझोरचा,
बाकीचे त्यावर पाय रोवून उभे राहायचे.
मागच्या हिवाळ्यात तिबिलिसीच्या डॉक्टरांनी
स्वरयंत्र काढलं. जीव वाचला.
मफलरखाली आता एक भोक आहे, आणि त्यातून वारा.

“मग तीनचा दे,” बोंडो म्हणाला.
थट्टाच होती ती. तीन तिघाडा.
पण माझ्याकडं तीनचा होता, फळीवर, धूळ खात.
आणि मला गप्प बसता येत नाही.
“यात असतात चारच,” मी म्हटलं,
“कारखान्यात तपासताना एखादा नापास होतो.
मग फेकून देत नाहीत,
त्याला बंद करून बाकीच्या तिघांवर विकतात. स्वस्त पडतो.”

बोलून गेलो, आणि जीभ चावली.

मासळीवालीनं बर्फ फोडला.
अनझोरनं हात पुढं केला, खोकं घेतलं,
कानाशी धरून हलवलं, कलिंगड बघावं तसं.
मग त्याचे खांदे गदगदायला लागले.
हसत होता. आवाज नाही, नुसती मफलरची लोकर
आत-बाहेर, आत-बाहेर.
पैसे त्यानंच दिले. स्वतःच्या खिशातून.

बसवायला मी त्यांच्या घरी गेलो,
खांबांवरच्या त्या लाकडी घरात, खाली कोंबड्या.
मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये एक खाच होती,
झोपलेला चौथा जागा करायची.
कधी जागा होतो. कधी सगळंच घालवतो.
न विचारता मी ती फिरवली.
पडद्यावर आकडा आला: चार.
का केलं, विचारू नका. वय तेवीस होतं.

आठ दिवस उत्तम चाललं.
नवव्या दिवशी, तिघं माईकसमोर,
तानेच्या ऐन चढावर मशीन गोठलं.
स्पीकरमधून एकच स्वर घरघरत राहिला,
जाड, खर्जातला, श्वास न घेणारा.
मी प्लगकडं धावलो.
अनझोरनं बोट वर केलं.
थांब.

तिघांनी एकमेकांकडं पाहिलं,
आणि कोण आधी ते कळलं नाही,
त्या घरघरीवर पाय रोवून
गाणं पुढं सुरू झालं. शेवटपर्यंत.
अनझोर भिंतीला टेकून, डोळे मिटून,
हनुवटीनं ताल देत.

मग मी प्लग काढला,
खाच परत फिरवली: तीन.
त्यातलं काहीच सेव्ह झालं नव्हतं.
बोंडो म्हणाला, हरकत नाही, परत गाऊ.
चहा गार झाला होता.
त्याच्या बायकोनं पुन्हा आधण ठेवलं,
आणि कप काढले. पाच.