दहा बाय आठ

माझं दुकान लक्ष्मीपुरीत, धान्य बाजाराच्या मागल्या गल्लीत.
शाईचा वास आणि मिरचीच्या पोत्यांचा ठसका
एकाच श्वासात येतो.
मी फ्लेक्स छापतो.
कोण आधी, कोण मागनं,
हे माझ्याइतकं इथं कुणाला कळत नाही.
मीच तर सरकवतो त्यांना, माऊसनं.

हद्दवाढीच्या त्या पंधरवड्यात
बाळगोंडा आण्णा खुर्ची ओढून माझ्या मागं बसले.
"तिरंगा घे वरच्या कोपऱ्यात. ल्हान. असला म्हंजे झालं.
त्येच्या खाली सायेब.
चिन्ह मधी.
आन् तळाला जनता टाक कुठलीतर."

कुठलीतर म्हणजे माझ्याकडं एक फाईल आहे,
'गर्दी नवीन' नावाची.
तीन निवडणुका झाल्या,
तिच्यातला पिवळ्या टोपीचा माणूस
अजून हात वर करून उभा आहे.
कुठला, काय मागत होता, माहीत नाही.

"आणि आण्णा, तुम्ही?"
"मी काय, कुठंबी चालतोय," म्हणाले,
आणि चहा संपेस्तोवर
कमरेपासून वरचे आण्णा सहा फूट झाले होते.

मजकूर: हद्दवाढ नको.
खाली: गाव आमचं, गावच राहणार.

आठव्या दिवशी रात्री साडेअकराला
अर्ध्या शटरखालून वाकून आण्णा परत आत.
सायबांचा फोन आला असावा.
"एक शब्द बदलायचा हाय."
'नको' काढलं, 'हवी' घातलं.
दोन अक्षरं गेली, दोन आली,
जागा तेवढीच लागली.
"खालची ओळ?"
"ऱ्हाऊ दे. वाचतंय कोण?"

मुबारकनं मशीन लावलं.
आण्णा बाहेर येणाऱ्या आपल्याच तोंडाकडं बघत राहिले.
"उद्या गावात कसं जाऊ रं?"
मला वाटलं, मला विचारतात.
मी बिल केलं.
मागची बाकी पण त्यात धरली.

लेस्टरला माझा आतेभाऊ आहे, जिनपाल.
त्यांच्याकडं ब्रेक्झिटचा घोळ चालला होता
तेव्हा रात्री-अपरात्री फोन करायचा.
आमचा खासदार, म्हणायचा, मनानं आत,
मतदार बाहेर, पक्ष दोन्हीकडं.
तिथं म्हणे हात वर करत नाहीत,
दोन दारं असतात, एकातनं चालत जायचं,
मग डोकी मोजतात.
"फ्लेक्स कसला लावलाय त्यानं?"
"इथं फ्लेक्स नसतोय रे."
मग कळतं कसं लोकांना,
त्याच्या मनात पहिला नंबर कुणाचा?
जिनपाल बराच वेळ बोलला नाही.
त्याच्या मागं कुकरची शिट्टी झाली.

ठरावाच्या आदल्या दिवशी
रत्नमाला कुंभोजे आल्या, वॉर्ड तीनच्या सदस्य.
चपला बाहेर काढल्या. वहीचं पान पुढं केलं.
'मला हद्दवाढ हवी वाटते.
माझ्या वॉर्डाला नको आहे.
उद्या मी वॉर्डाचं ऐकणार.
ते बरोबर आहे का, मला माहीत नाही.'
"फोटो?"
"नको."
"सायेब तरी?"
"नको. खाली नाव घाल बारकं."
भिशीच्या पैशातल्या नोटा मोजून दिल्या.
एवढं पांढरं मी कधी सोडलं नव्हतं,
शाई राहिली म्हणून बरं वाटायला हवं होतं.
मुबारक म्हणाला, "बाई पडणार."
मी म्हटलं, व्हय.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत मीही होतो.
माझं घर त्या हद्दीच्या रेषेवरच येतं,
पुढलं दार गावात, मोरी शहरात.
हात वर करायची वेळ आली
तेव्हा घरपट्टी आठवली, मग पोराचा दाखला,
मग आण्णांकडं अडकलेली तीन बिलं.
केला वर.
कशाकशासाठी, विचारू नका.

कुणीतरी मागनं फोटो काढला असणार.
महिन्याभरानं तो माझ्याच मशीनवर आला छापायला,
वर सायेब, मधी आण्णा,
तळाला जनता,
तिसऱ्या रांगेत मी, हात वर.

मी स्वतःला थोडं डावीकडं सरकवलं.
सायबांच्या खांद्याआड.